न चुकचुकणारी पाल

घरातले नवे सोबती : लेखांक 6

मनात शंका आली की मराठीत पाल चुकचुकते. पण काचेच्या पेटीत पाळली जाणारी लेपर्ड गेको ही पाल सहसा गप्पच असते. दुखलं तरी गप्प, पोट बिघडलं तरी गप्प. रानात दुबळा दिसणारा प्राणी आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवणं हाच तिचा बचाव. तेव्हा शंकेची पाल चुकचुकायला हवी ती पाळणाऱ्याच्या मनात, आणि वेळेवर.

मागच्या लेखात या पालीची ओळख झाली. अफगाणिस्तान, पाकिस्तानपासून वायव्य भारतापर्यंतच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला हा प्राणी. पापण्या मिटणारा, भिंतीवर न चढणारा, नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगणारा. तिच्या आजारांची यादी लांब आहे. पण त्यातल्या बहुतेकांचं मूळ पालीत नसतं, पेटीत असतं.

सुरुवात उष्णतेपासून करू. पालीचं रक्त स्वतः तापत नाही. ऊब बाहेरून घ्यावी लागते. पेटीच्या एका टोकाची जमीन 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि दुसरं टोक 24 ते 26 अंश असलं, की ती हवं तेव्हा हवं तिथे जाऊन बसते. खाल्लेलं पचतं ते या उबेवर. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे रात्री लाइट गेली आणि पेटी उबदार ठेवणारी हीट मॅट बंद पडली, तर पोटातला किडा तसाच राहतो. पाल तो ओकते किंवा खाणंच सोडते. अशा वेळी मोठ्या पालीला ऊब परत येईपर्यंत खायला देऊ नये. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो : सगळी पेटीच तापते, पळायला गार कोपरा उरत नाही. तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट तर पोटाची कातडी भाजून काढते आणि पाल तिथून हलतही नाही. म्हणून मॅट घ्याल त्याच दिवशी थर्मोस्टॅटही घ्या.

सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात सहज टळणारं दुखणं हाडांचं. लहान मुलांच्या मुडदुसाचंच हे भावंड. रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या यांच्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. नुसत्या किड्यांवर वाढणाऱ्या पालीच्या रक्तातलं कॅल्शियम उतरू लागतं. रक्ताला ते हवंच असतं, कारण त्याच्याशिवाय स्नायू आणि हृदय चालत नाहीत. मग शरीर स्वतःच्या हाडांतून उसनं काढतं. आधी चाल मंदावते, पोट जमिनीला घासायला लागतं. पुढे पाय वाकतात, बोटं थरथरतात, जबडा रबरासारखा मऊ पडतो आणि किडा समोर असून चावता येत नाही.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातल्यासारखा आहे : वाढण्याआधी वरून भुरभुरवणं. किडे डबीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचे. पिल्लांना जवळपास प्रत्येक जेवणात, मोठ्यांना एक आड एक. आदल्या दिवशी किड्यांनाच गाजर आणि पालेभाजी खाऊ घालायची, म्हणजे ते पालीच्या पोटात जाताना रिकामे जात नाहीत. कॅल्शियम अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व लागतं. ते पावडरीतून द्यावं किंवा अतिनील किरणांच्या यूव्हीबी दिव्यातून मिळू द्यावं. पेटी खिडकीत ठेवून ते मिळत नाही. काच नेमके तेच किरण अडवते, आणि उन्हातली बंद पेटी भट्टी होते. ड-३ जास्त झालं तरी घातक, म्हणून पाय वाकलेले दिसल्यावर घरच्या घरी डोस वाढवत बसू नये. डॉक्टर एक्स-रे काढून कॅल्शियम किती आणि कसं द्यायचं ते ठरवतात. दुखणं थांबवता येतं, मात्र वाकलेलं हाड बहुधा वाकलेलंच राहतं.

कात अडकणं हा त्या मानाने साधा प्रकार. निरोगी पाल कात टाकते आणि बरेचदा खाऊनही टाकते. हवा फार कोरडी असली की बोटांच्या टोकांवर कातीची वळी राहते, सुकून दोरा बांधल्यासारखी आवळते आणि बोट गळून पडतं. पेटीत एका झाकलेल्या डबीला दार कापून आत ओलसर टिश्यू पेपर ठेवला, तर ही वेळ सहसा येत नाही. आलीच, तर कोमट पाण्यात पावलं बुडतील इतपत दहा मिनिटं बसवून ओल्या कापसाने हळू सोडवायचं, ओढायचं नाही. डोळ्यावर अडकलेली कात मात्र डॉक्टरांकडेच.

पेटीत सुटी वाळू घालू नये. किड्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडं तुंबतं. त्यातून ऊब कमी असली, तर लवकरच. जुनं वर्तमानपत्र अंथरा. विष्ठा झाली की नाही, हेही त्यावर लगेच कळतं. पोट फुगलेलं आणि बरेच दिवस विष्ठा नाही, असं दिसलं तर एरंडेल वगैरे घरगुती प्रयोग न करता दवाखाना गाठावा.

आता शेपटी. लेपर्ड गेकोची चरबी शेपटीत साठते, त्यामुळे तीच तिचं बँकेचं पासबुक. जाड शेपटी म्हणजे शिल्लक आहे. खाणं नीट असूनही शेपटी काडीसारखी होत चालली, तर जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शंका घ्यावी. या परजीवीवर खात्रीचा उपाय नाही आणि तो साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. त्यामुळे नवी पाल निदान तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवणं आणि विष्ठा तपासून घेणं, हाच शहाणपणा. पालीच्या विष्ठेतून माणसाला साल्मोनेलाही होऊ शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, लहान मुलांनी तर नक्कीच.

काही दुखणी पेटी कितीही नीट ठेवली तरी टळत नाहीत, कारण ती माणसाच्या हौशीतून येतात. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा पिवळाधमक प्रकार पैदासकारांनी कौतुकाने वाढवला. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात त्या रंगाशी जोडलेल्या जनुकाचाच संबंध कातडीवरच्या गाठींशी असल्याचं दिसलं. ‘एनिग्मा’ प्रकारातल्या कित्येक पाली तोल जाऊन गोल गोल फिरतात. असा रंग विकत न घेणं, एवढाच त्यावरचा उपचार.

बाकीच्या दुखण्यांसाठी एक वही आणि ग्रॅम दाखवणारा लहानसा वजनकाटा पुरे. दर रविवारी वजन, खाणं, विष्ठा आणि कात यांची एक ओळ लिहायची. साठ ग्रॅमच्या जिवाचे सहा ग्रॅम कमी झाले, तर ते डोळ्यांना दिसत नाहीत. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरावेत, तसे ते वहीत दिसतात. पाल बोलत नाही, म्हणून तिचं चुकचुकणं वहीत लिहून ठेवायचं.

(पुढील लेखात : लव्हबर्ड आणि त्यांची उपटलेली पिसं)