बंदर रंगवा, जलरंग शिका

शाळा सुटली की रंगपेटीही सुटते. पुढे कधीतरी मुलांचा ब्रश हातात घेऊन पाहावा, तर आकाशाचा निळा होडीत उतरतो, होडीचा तांबडा पाण्यात पसरतो आणि तासाभरात सगळ्या चित्राचा चिखल होतो. 'आपल्याला काही जमायचे नाही,' असे म्हणून पेटी माळ्यावर जाते.

दोष हाताचा नसतो. ओल्या रंगाला ओला रंग लागला की तो मिसळणारच. त्याला अडवायचे कसे, हे फ्रेंच चित्रकार पॉल सिन्याकच्या बंदरांची नक्कल करताना सहज कळते.

शंभर बंदरांचा चित्रकार

सिन्याक (१८६३-१९३५) पॅरिसचा. १८८०मध्ये क्लोद मोनेची चित्रे पाहून तो या वाटेला लागला आणि बरेचसे स्वतःच शिकला. पुढे जॉर्ज सराबरोबर त्याने शुद्ध रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्र उभे करण्याची पद्धत रुजवली. अशी तैलचित्रे पूर्ण व्हायला फार वेळ लागे. जलरंग मात्र धक्क्यावर बसूनच हातावेगळे करता येत. शिडाच्या होड्यांचे त्याला वेडच होते. वयाच्या पासष्टीनंतर, १९२९ ते १९३१ या काळात, त्याने फ्रान्सच्या किनाऱ्यावरची सुमारे शंभर बंदरे जलरंगात रंगवली.

नक्कल कशी करावी?

सुरुवातीला ला रोशेल बंदराचे चित्र घ्यावे. जुने बुरूज आणि त्यांच्यापुढे शिडे, एवढाच पसारा. चांगली छापील प्रत समोर ठेवावी.

वहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो. ३०० जीएसएमचा जाड कागद घेऊन तो चिकटपट्टीने फळीवर बसवावा. पेन्सिलीने बुरूज, डोलकाठ्या आणि पाण्याची कड सैल हाताने रेखाटावी. रेघ खोडू नये. सिन्याकही ती लपवत नसे.

आधी पिवळा, गुलाबी असे फिके रंग लावावेत. मग निळा, जांभळा. ब्रशचे आखूड फटकारे मारावेत आणि दोन फटकाऱ्यांमध्ये कागदाची बारीक पांढरी फट सोडावी. हीच खरी किल्ली. फटीमुळे रंग एकमेकांत शिरत नाहीत आणि चूक झाली तरी अंगठ्याएवढ्या जागेतच राहते. नारिंगी शिडाशेजारी निळा ठेवला की दोन्ही उजळतात. पाण्यातली प्रतिबिंबे आडव्या, तुटक फटकाऱ्यांनी दाखवावीत.

पांढरा रंग पेटीतच राहू द्यावा. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. एकदा झाकला की तो पुन्हा तसाच मिळत नाही. म्हणून कागद थोडा उघडा असतानाच थांबावे. नवशिक्याला सगळ्यात जड जाते ते हेच.

आता खिडकीबाहेर

पहिली प्रत बिघडेल, दुसरीही. फाडू नका, तारीख घालून ठेवा. तिसरीत पाणी हलताना दिसू लागेल. तिच्यावर आपल्या नावाबरोबर 'सिन्याकवरून' असे जरूर लिहा.

चौथ्या वेळी मात्र छापील चित्र मिटून ठेवा. समोरच्या गच्चीत दोरीवर वाळणारे कपडेही वाऱ्याने शिडांसारखेच फुगतात. त्यांच्यासाठी कागद कुठे कोरा सोडायचा, हे आता हाताला ठाऊक असेल.