रायफलच्या तोंडावरचं ते छोटं नळकांडं करतं काय? आणि भारतात ते घेणं महागात का पडू शकतं?

अक्कलकुव्यात बसून मोबाईल बघणाऱ्याच्या आणि अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बसून बघणाऱ्याच्या फीडमध्ये आता फारसा फरक उरलेला नाही. बंदुकीचे दोन-चार व्हिडिओ पाहिले की पुढचे आपोआप येतात. काळा हातमोजा घातलेला हात, रायफलची नळी आणि तिच्या टोकावर आटे फिरवून बसवलं जाणारं बोटभर लांबीचं लोखंडी नळकांडं. मग धडाधड गोळ्या, आणि खाली कॅप्शन: छोटी रायफल असेल तर कोणतं मझल डिव्हाइस घ्यावं?

मझल म्हणजे नळीचं तोंड, जिथून गोळी बाहेर पडते ती जागा. त्या तोंडावर बसवायच्या सगळ्या वस्तूंना मिळून मझल डिव्हाइस म्हणतात. अमेरिकेत यातल्या बऱ्याचशा वस्तू दुकानात रांगेने मांडलेल्या असतात. भारतात गोष्ट वेगळी आहे, आणि ती इतकी वेगळी आहे की त्यातल्या काही वस्तूंना आपला कायदा ‘बंदुकीचा सुटा भाग’ म्हणत नाही, थेट ‘बंदूक’ म्हणतो. तिकडे येऊच. आधी हे नळकांडं करतं काय ते बघू.

गोळीच्या मागून येतं ते खरं दुखणं

चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. गोळी तोंडातून बाहेर पडली की तिच्या मागोमाग हा तापलेला, दाबाखाली असलेला वायूही सुटतो. तो एकदम मोकळ्या हवेत फुटतो, म्हणून आवाज होतो. त्यातला अर्धवट जळालेला भाग बाहेरच्या ऑक्सिजनला भेटून पुन्हा पेट घेतो, म्हणून तोंडाशी ज्वाळा दिसते. आणि गोळी व वायू जोरात पुढे जातात, म्हणून बंदूक मागे धक्का देते आणि तिचं तोंड वर उचललं जातं.

आवाज, ज्वाळा, धक्का आणि तोंडाचं उचलणं. मझल डिव्हाइस यातल्या एखाद्याच दुखण्यावरचा उपाय असतो. आणि एक दुखणं कमी करताना दुसरं बहुतेक वेळा वाढतं. ‘बेस्ट’ वगैरे सांगणारे व्हिडिओ नेमकं हेच सांगत नाहीत.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे फ्लॅश हायडर. त्याला लांब चिरा असतात. बाहेर येणारा वायू त्या चिरांमधून पांगतो, थंड हवेत मिसळतो आणि ज्वाळा लहान होते. नावावरून वाटतं की हा शत्रूपासून ज्वाळा लपवत असेल. थोडीफार लपवतोही, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. अंधारात गोळी झाडणाऱ्याचे स्वतःचे डोळे दिपू नयेत, यासाठी तो असतो.

अमेरिकेच्या एम-१६ रायफलचा किस्सा इथे बोलका आहे. सुरुवातीच्या रायफलींवर तीन सुळ्यांचा फ्लॅश हायडर होता. ज्वाळा तो छान दाबायचा, पण व्हिएतनामच्या जंगलात त्याचे उघडे सुळे वेलींत आणि फांद्यांत अडकायचे. मग पुढचं टोक बंद केलेला, पिंजऱ्यासारखा प्रकार आला. पुढे १९८० च्या दशकातल्या एम-१६ए२ वर त्याच पिंजऱ्याची खालची बाजूही बंद केली. आडवं पडून गोळी झाडताना वायू जमिनीवर आदळून धूळ उडायची, ती थांबली. शिवाय वायू फक्त वर आणि बाजूला जायला लागल्याने नळीचं तोंड थोडं खाली दाबलं जाऊ लागलं. एक बाजू बंद करून दोन कामं झाली.

दुसरा प्रकार मझल ब्रेक. हा वायूला बाजूला, कधी कधी तिरकं मागे वळवतो. त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का खरोखर कमी होतो. पण जो वायू पुढे जाणार होता तो आता तुमच्याकडे आणि शेजारच्याकडे येतो. कानाला बसणारा दणका वाढतो. शूटिंग रेंजवर ब्रेक लावलेल्या रायफलच्या शेजारी झोपायला कुणी खुशीने तयार होत नाही. तिसरा प्रकार कॉम्पेन्सेटर, जो वायू वर सोडतो आणि तोंड खाली दाबतो. १९५९ पासूनच्या एकेएम रायफलचं तोंड आठवा. बोरूची लेखणी छाटावी तसं तिरपं छाटलेलं असतं. ती शोभा नाही. ऑटोमॅटिक फायरमध्ये तोंड वर आणि उजवीकडे पळतं, ते आवरायला तो तिरका काप आहे.

आणि चौथा, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत तो सप्रेसर, म्हणजेच सायलेन्सर. बंदुकीचा सायलेन्सर आणि गाडीचा सायलेन्सर ही तत्त्वाने एकच वस्तू आहे. दोन्हीत वायूला एकदम बाहेर न सोडता आतल्या खणांतून फिरवत, थंड करत, हळू सोडतात. बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट १९०९ मध्ये हिराम पर्सी मॅक्सिम यांना मिळालं, आणि त्यांनी इंजिनांच्या आवाजावरही हेच तंत्र वापरलं. गंमत म्हणजे त्यांचे वडील हिराम मॅक्सिम हे मशीनगनचे जनक. म्हणजे बापाने धडधडाट केला आणि पोराने त्यावर झाकण घातलं.

पण सिनेमातला तो ‘फुस्स’ आवाज विसरा. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबलच्या घरात असतो. चांगला सप्रेसर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. उरतो तोही चांगला मोठा आवाज असतो. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर ती हवेत स्वतःचा कडाका उठवत जाते. इन्सास रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते, ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर. तोंडावर काहीही बसवा, हा कडाका थांबत नाही.

नळी लहान केली की सगळं बिघडतं

‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. काडतुसातली दारू जळायला नळीची लांबी लागते. नळी आखूड केली की दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि वायूचा दाबही जास्त उरतो. मग ज्वाळा मोठी, दणका मोठा, आणि वर गोळीचा वेग कमी. म्हणून आखूड रायफलला या नळकांड्याची गरज जास्त, आणि ते लहान असावं ही अपेक्षाही जास्त. दोन्ही एकत्र जमणं अवघड असतं.

अमेरिकेला हे व्हिएतनाममध्येच कळलं. एम-१६ ची २० इंची नळी कापून १० इंचांची एक्सएम-१७७ कार्बाईन केली. तिचा दणका आणि ज्वाळा इतकी होती की तोंडावर सव्वाचार इंचांचं नळकांडं बसवावं लागलं. म्हणजे कापलेल्या लांबीतली बरीचशी परत जोडली. पुढे अमेरिकी यंत्रणांनी या नळकांड्याची गणना कायद्याने सायलेन्सरमध्ये केली. बनवणाऱ्यांनी ते ज्वाळा आणि दणका आवरायला केलं होतं, पण आवाज कमी होतो म्हटल्यावर कायदा लागू झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महाराष्ट्रात हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे तो पुण्यात. पाषाणची एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा इन्सासच्या काळापासून लहान शस्त्रांचे आराखडे करते. तिथल्या जेव्हीपीसी कार्बाईनने वेगळीच वाट काढली. नळी आखूड केली तेव्हा काडतूसही आखूड घेतलं, नेहमीच्या ५.५६×४५ मिमीऐवजी ५.५६×३० मिमी. दारूच कमी, म्हणजे तोंडाशी वाया जाणारी आगही कमी. बदल्यात लांबचा पल्ला सोडावा लागतो. त्यानंतर एआरडीईनेच आराखडा केलेल्या, पूर्ण आकाराचं काडतूस वापरणाऱ्या क्लोज क्वार्टर बॅटल कार्बाईनच्या मोठ्या ऑर्डरसाठी २०२५ मध्ये पुण्याची भारत फोर्ज सर्वात कमी बोली लावणारी ठरली. घरात, गल्लीत, वाहनात वापरायचं हत्यार आहे हे. बंद खोलीत गोळी झाडली तर दणका आपल्याच माणसांच्या कानात जातो. तिथे धक्का कमी करणारा ब्रेक लावला तर सोबतचा जवान बहिरा व्हायची पाळी. लष्करासाठी ही निवड खरी आहे, आणि ती चाचण्या घेऊन होते, रील बघून नाही.

आता अक्कलकुव्याचं बोलू

तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, रानडुकरं उभं पीक उलथतात. शेतकऱ्याने बंदुकीचा परवाना मागणं नवीन नाही. अर्ज जातो जिल्हादंडाधिकारी म्हणून नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये अशा माणसासाठी दोन गोष्टी नावानिशी दिल्या आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, किंवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. (परवाना मिळाला म्हणजे बिबट्या मारायची मुभा मिळाली असं नाही. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.)

यातले २० इंच पुन्हा वाचा. ‘कॉम्पॅक्ट’ची हौस इथेच संपते. नळी कापून आखूड करायला कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. हॅक्सॉने दोन इंच कमी केले तरी तो गुन्हा ठरू शकतो.

आणि नळकांड्याचं काय? कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. बंदुका-रायफली तर त्यात आहेतच, पण गोळी झाडतानाचा आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली साधनंही त्याच व्याख्येत आहेत. म्हणजे सायलेन्सर एकटाच टेबलावर ठेवला, शेजारी बंदूक नसली, तरी कायद्याच्या नजरेत तिथे एक बंदूक ठेवलेली आहे. अमेरिकेत फ्लॅश हायडर ही किरकोळ वस्तू समजली जाते. आपल्या व्याख्येत मात्र ‘आवाज किंवा ज्वाळा’ असे शब्द आहेत, त्यामुळे तोही आत येतो. शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ही साधनं पहिल्या वर्गात, प्रतिबंधित शस्त्रांच्या सोबत बसवली आहेत. मझल ब्रेक आवाज कमी करत नाही, उलट वाढवतो, म्हणून सुटतो का? नाही. अग्निशस्त्रांचे भागही याच व्याख्येत येतात.

आता शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद, शिवाय दंड. ही झाली बाळगणाऱ्याची. बनवणाऱ्याची मोठी आहे. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं, विकणं, त्यात फेरफार किंवा दुरुस्ती करणं यासाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. समजा, एखाद्या पोराने रील बघून लेथवाल्याकडे नळीचा तुकडा नेला आणि म्हणाला, ‘दादा, याला आतून आटे पाडून द्या, बंदुकीला लावायचंय.’ लेथवाल्याच्या दृष्टीने ते शंभर-दोनशे रुपयांचं काम. पण कायदा त्याला बनवणाऱ्याच्या रांगेत उभं करू शकतो. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोयही राहत नाही, कारण पोराने काम सांगतानाच ते कशासाठी हे सांगितलं होतं.

बुलेटचा सायलेन्सर बदलला तर दंड होतो आणि पोलीस तो रोलरखाली चिरडतात, एवढ्यावर विषय संपतो. बऱ्याच जणांच्या डोक्यात हा सायलेन्सर आणि तो सायलेन्सर एकाच मापाचे असतात. गडबड तिथेच होते. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने लग्नावरातीत हौसेने हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड ठेवला आहे, हेही जाता जाता माहीत असू द्या.

मग स्वप्नील कुसाळेच्या रायफलवर काय होतं?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य जिंकलं. या प्रकारातल्या रायफलींच्या नळीपुढे बऱ्याचदा आणखी एक लांब नळी जोडलेली दिसते. लांबून बघणाऱ्याला ती सायलेन्सर वाटते.

ती नुसती पोकळ नळी असते. गोळी तिला शिवत नाही. पुढची माशी, म्हणजे नेम धरायची फ्रंट साइट, या नळीच्या टोकावर बसते. डोळ्यापासून ती जितकी लांब, तितकी नेमातली बारीक चूक लवकर दिसते. खरी नळी आखूड ठेवली तर गोळी ती लवकर सोडते, त्यामुळे त्या क्षणी हात हलला तरी फरक कमी पडतो. आणि टोकावर थोडं वजन आलं की रायफल स्थिर राहते. ०.२२ च्या गोळीला धक्का असा फारसा नसतोच, त्यामुळे ब्रेकची गरजही नाही. गरज असती तरी उपयोग नव्हता. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्ही बंद आहेत, आणि या जोडनळीला एकही भोक पाडलेलं चालत नाही.

नेमबाजीची सुरुवात बहुतेक जण १० मीटर एअर रायफलने करतात. तिचा छर्रा ४.५ मिमीचा, म्हणजे ०.१७७ चा असतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे एअरगनचा छर्रा ०.१७७ पेक्षा मोठा किंवा जोर २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या खूप आत असते. तिच्यावरही अशी जोडनळी लावता येते, पण यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या शेवटापर्यंत सगळं मिळून ८५० मिमीच्या आत बसायला हवं. स्पर्धेआधी उपकरण तपासणीच्या टेबलावर पट्टी लावून ते मोजलं जातं.

एअरगनवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. कलम २ मधली अग्निशस्त्राची व्याख्या फक्त दारूने चालणाऱ्या हत्यारांपुरती नाही, त्यात ‘स्फोटक किंवा इतर प्रकारची ऊर्जा’ असे शब्द आहेत. दाबलेली हवा ही ऊर्जाच आहे. ‘फक्त एअरगनसाठी आहे, बिनधास्त घ्या’ असं लिहून सायलेन्सर विकणारी जाहिरात समोर आली, तर हे शब्द आठवून मगच पुढे जा.