परतीच्या जहाजाने

मार्केट यार्डात ज्यांचा दिवस उजाडतो, त्यांना परतीच्या गाडीचे गणित शिकवावे लागत नाही. नगरहून ज्वारी किंवा हरभरा घेऊन दूरच्या पेठेत गेलेला ट्रक रिकामा परत आणणे मालकाला परवडत नाही. डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता रिकाम्या गाडीलाही चुकत नाही. म्हणून परतीचे भाडे मिळेल त्या भावात घेतले जाते आणि ज्याला मालाची घाई नाही, असा व्यापारी त्याचा लाभ उठवतो. समुद्रावरची मोठमोठी प्रवासी जहाजेही वर्षातून दोनदा अशीच परतीची गाडी होतात, हे मात्र मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले.

युरोपातील उन्हाळा भूमध्य समुद्रात काढणारी जहाजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अटलांटिक महासागर ओलांडून फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटांकडे जातात. मार्च-एप्रिलमध्ये तीच जहाजे पुन्हा युरोपाकडे वळतात. अलास्काचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास संपला की तिथली काही जहाजे हवाई बेटे, मेक्सिको किंवा आशियाची वाट धरतात. या स्थलांतराच्या फेरीला पर्यटन व्यवसायात ‘रिपोझिशनिंग क्रूझ’ म्हणतात. जहाज ज्या बंदरातून निघते, त्या बंदरात परत येत नाही. वाटेतली बंदरे मोजकी आणि पाण्यावरचे दिवस पुष्कळ. ज्याला रोज नवे शहर पाहायचे आहे, तो या फेरीकडे फिरकत नाही. त्यामुळे एका रात्रीचा दर त्याच जहाजाच्या हंगामी सहलीपेक्षा बहुधा कमी पडतो.

आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहून उरलेले आठ महिने विहार करण्याची आपल्या साधू-साध्वींची रीत आपण लहानपणापासून पाहतो. आठ महिन्यांचा विहार आणि चार महिन्यांचा वर्षावास, दोन्ही ऋतूच्या आज्ञेने चालतात. जहाजांचेही तसेच आहे. त्यांची प्रेरणा अर्थात निव्वळ व्यापारी असते, पण ऋतू त्यांनाही हलवतो.

आपल्या किनाऱ्यावरचा हंगाम

याचे जवळचे उदाहरण मुंबईतच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे फेऱ्या सुरू केल्या. तिचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले असून पूर्वी ते अमेरिकेच्या बाजूला चालत असे. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळतो, म्हणून २०२२ च्या पावसाळ्यात हे जहाज पूर्व किनाऱ्यावर चेन्नईला गेले. जून २०२३ मध्ये चेन्नईहूनच त्याने श्रीलंकेतील हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसनथुराई या बंदरांची फेरी सुरू केली. कोकणातला मच्छीमार आषाढात होडी ओढून ठेवतो. मोठे जहाज ओढून ठेवता येत नाही, त्याला दुसरा किनारा शोधावा लागतो.

युरोप आणि आग्नेय आशिया यांच्या दरम्यान ये-जा करणारी परदेशी जहाजेही वाटेत मुंबई, मुरगाव, नवे मंगळूर आणि कोची येथे थांबत आली आहेत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या कितीतरी जवळ आली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी हा मार्ग सोडला. काही जहाजे प्रवाशांविना आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून नेण्यात आली. परतीच्या गाडीचा भाव रस्त्याच्या सुरक्षिततेवर अवलंबून असतो, हे यार्डातले सूत्र समुद्रालाही लागू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तांबडा समुद्र शांत राहिला, तर ही ऋतुफेरी आपल्या दाराशी नियमित येऊ शकेल.

समुद्र आणि श्रावक

‘जैन माणसाने समुद्र कशाला ओलांडायचा?’ असा प्रश्न मला घरातच विचारला गेला. उत्तर शोधताना आपल्या आगमांतच समुद्रप्रवासी व्यापारी भेटले. ‘ज्ञाताधर्मकथा’ सूत्रात चंपानगरीचा अर्हन्नक श्रावक जहाजाने व्यापारास निघतो. भर समुद्रात एक देव त्याचे जहाज बुडवण्याची भीती घालतो, पण अर्हन्नक धर्मापासून ढळत नाही. त्याच सूत्रात माकंदी सार्थवाहाच्या दोन पुत्रांचीही कथा आहे. अकरा सफरी यशस्वी झाल्यावर आईवडिलांचे न ऐकता ते बाराव्या सफरीला निघतात आणि त्यांचे जहाज फुटते. एकात निष्ठेचा गौरव आहे, दुसरीत हव्यासाला इशारा. समुद्र दोन्हींत तोच आहे.

१८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा मातोश्रींच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. जहाजावर त्यांनी मुख्यतः सोबत नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर दिवस काढले. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना आले होते. साध्वाचारामुळे ते जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या वीरचंद राघवजी गांधींना पाठवले. समुद्रगमनाबद्दल समाजातून विरोध झाला, पण आचार्यश्री त्यांच्या पाठीशी राहिले. आणि ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले सिंदिया कंपनीचे ‘एस. एस. लॉयल्टी’ हे जहाज ज्यांच्या पुढाकाराने पाण्यात उतरले, ते वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन घराण्यातले. तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मुलीच्या घराची वाट

आमची मुलगी अमेरिकेत असते. सलग विमानप्रवासाने सौ.चे पाय सुजतात, म्हणून चार वर्षे आम्ही जाणे टाळत होतो. जावयांनी सुचवले, ‘बार्सिलोनापर्यंत विमानाने या आणि तिथून जहाजाने फ्लोरिडाला उतरा.’ खर्चाचा ताळेबंद जमत होता. अडचण निराळीच होती. सौ.ने बारा व्रते घेताना दिशा परिमाणात मोजकीच मर्यादा ठेवली होती आणि मुलीच्या घरापुरते आगार. ‘अहो, आगार लेकीसाठी ठेवलंय, सहलीसाठी नाही,’ ती म्हणाली. घेतलेली मर्यादा सोयीसाठी वाढवणे, म्हणजे क्षेत्रवृद्धी, हा त्या व्रताचा अतिचार आहे, हे मलाही ठाऊक होते.

चातुर्मासात स्थानकात विराजमान असलेल्या महासतीजींपुढे आम्ही ही शंका ठेवली. त्यांनी शांतपणे विचारले, ‘श्रावकजी, जायचे लेकीकडेच आहे ना? मग वाटेत कुठे उतरायचे आणि काय टाळायचे, तेवढे आधी ठरवा.’ सौ.ने तिथेच ठरवले की वाटेतल्या बंदरात जहाजाखाली उतरायचे नाही. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो. टेनेरीफ बेटावर सारे जहाज रिकामे झाले, तेव्हा आम्ही दोघे डेकवर बसून बेटावरचा ज्वालामुखी पर्वत पाहत होतो.

त्यानंतर सात दिवस जमीन दिसली नाही. जहाजाचा वेग ताशी अठरा-वीस सागरी मैल, म्हणजे जेमतेम पस्तीस किलोमीटर. पुणे रस्त्यावरचा भरलेला ट्रकही याहून जोरात जातो. पश्चिमेकडे जाताना काही रात्री घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. स्पेन आणि फ्लोरिडा यांच्या वेळेत सहा तासांचे अंतर असल्याने आमच्या वाट्याला पंचवीस तासांचे सहा दिवस आले. सौ.ने लगेच हिशेब केला, ‘सहा तास म्हणजे साडेसात सामायिकं.’ तिने ती केलीही. पहाटे खालच्या डेकवरच्या एका कोपऱ्यात आम्ही आसन मांडत असू.

व्रताच्या दृष्टीने दिवसाची आखणी जमिनीपेक्षा सोपी वाटली. खोलीत रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत सूर्योदय आणि सूर्यास्ताची वेळ छापलेली असे. त्यावरून नवकारसी आणि चौविहार ठरत. मुख्य भोजनगृहाची पहिली पंगत संध्याकाळी सहाला बसे, तोवर सूर्य मावळलेला तरी असे किंवा मावळतीला टेकलेला. म्हणून आम्ही पाचलाच बुफेत जेवून घेत असू. जैन आहाराची मागणी आधीच नोंदवली होती, तरी पहिल्या संध्याकाळी सूपमध्ये कांदा निघाला. ‘शाकाहारी’ हा शब्द स्वयंपाकघराला कळतो, ‘कंदमूळ नको’ हे समजावून सांगावे लागते. दुसऱ्या दिवशी भारतीय आचाऱ्याशी बोलणे झाले आणि मग रोज मूग, भात आणि भोपळ्याची भाजी मिळू लागली. घरचे खाकरे अर्थात होतेच.

प्रशांत महासागराने जाणाऱ्यांपुढे मात्र एक गमतीचा प्रश्न येतो. अमेरिकेहून जपानकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की कॅलेंडरातील एक तारीख गळते. ती नेमकी पक्खीची निघाली तर प्रतिक्रमण कधी करायचे, हे निघण्यापूर्वीच गुरुभगवंतांना विचारून ठेवावे.

स्वस्ताईचा खरा हिशेब

व्यापारी कुटुंबांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. दर रात्री कमी पडला, तरी रात्री जास्त असतात. विमानाचे तिकीट दोन वेगवेगळ्या शहरांचे लागते. सेवकांची बक्षिसी प्रत्येक दिवसाला, प्रत्येक माणसामागे आकारली जाते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात जमा दाखवता येतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. युरोपात चढून अमेरिकेत उतरायचे, तर शेंगेन आणि अमेरिका असे दोन्ही व्हिसा हवेत. मुलांमुळे अनेक घरांत अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आधीच असतो, ही जमेची बाजू. वैद्यकीय विम्यात काटकसर करू नये. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे बिल डॉलरमध्ये येते आणि महासागराच्या मध्यावर मोठे इस्पितळ काही दिवसांच्या अंतरावर असते. ज्यांच्या हृदयाचा भरवसा नाही, त्यांनी हा मोह टाळावा.

अहिंसेचा प्रश्नही टाळून चालणार नाही. जहाज प्रचंड इंधन जाळते. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आणली गेली. ही सुधारणा आहे, शुद्धी नव्हे. ‘जहाज तर जाणारच होते, आम्ही फक्त रिकामी जागा घेतली,’ असे मी स्वतःला समजावत होतो. पण परतीचे भाडे मिळते म्हणूनच गाड्या वाढतात, हेही व्यापाऱ्याला कळते. त्यामुळे ही फेरी दरवर्षीची सवय होऊ नये. माकंदीपुत्रांना अकराव्या सफरीनंतर थांबता आले असते. मला पहिल्यालाच थांबायचे आहे.

जे मिळाले

जहाजावरचे इंटरनेट महाग म्हणून मी घेतले नाही. बेचाळीस वर्षांत पेढीचा भाव न विचारता गेलेला एकही दिवस मला आठवत नाही. पाण्यावरच्या पहिल्या दिवशी हात सारखा खिशाकडे जाई. चौथ्या दिवशी गेला नाही. त्याच आठवड्यात मुलाने हरभऱ्याचा एक मोठा सौदा मला न विचारता केला होता, हे फ्लोरिडात उतरल्यावर समजले. तो चांगला होता की वाईट, यावर आमचे अजून एकमत नाही. पण पेढी आता त्याची झाली, हे मी त्या दिवशी मान्य केले. हा कागद तीन वर्षांपूर्वीच झाला होता, मनाची सही राहिली होती.

आणि सौ.? एका संध्याकाळी चौविहाराचे पच्चक्खाण घेऊन आम्ही डेकवर बसलो होतो. चारही बाजूंना पाणी होते. ती म्हणाली, ‘लग्नानंतर इतके दिवस तुम्ही घरी कधी होतात?’ मी मनाशी मोजू लागलो आणि मोजता मोजता थांबलो.

बंदरावर मुलगी उभी होती. सौ.चे पाय सुजलेले नव्हते. धक्क्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी तिने नवकार म्हटला आणि मगच लेकीला जवळ घेतले.