गाडी काढू नका, १०८ फिरवा!

गेल्या महिन्यात पणजीतल्या एका ऑफिसात मुलाखत घेत होते. समोरचे काका एकदम छाती धरून खालीच बसले. "माझ्या गाडीत घाला, पळा!" मीच ओरडले. नशीब, कुणीतरी १०८ फिरवला.

अँब्युलन्समधून उतरलेला मुलगा मला ड्रायव्हरचा हेल्पर वाटला. पण त्याने जागेवरच बीपी, ईसीजी बघितला, हॉस्पिटलला कळवलं आणि मगच स्ट्रेचर हलवलं. काका वाचले.

हाच पॅरामेडिक! डॉक्टर नव्हे, पण उपचार तुमच्या दारातच सुरू करणारा. गोव्यात १०८ सेवा २००८मध्ये आली, महाराष्ट्रात २०१४मध्ये.

माझ्या गाडीत काय होतं? एसी आणि एफएम! म्हणून सांगते, सायरन ऐकू आला की प्लीज, बाजूला व्हा. आत कुणावर तरी उपचार चालू असतात.