गोदामावरची ब्लेडची तार : चकाकी नव्हे, पोलाद आणि माप पाहा

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, आपल्या व्यापाऱ्याची सारी पुंजी बहुधा गोदामातच असते. रात्रीतून कापडाच्या चार गाठी गेल्या तर महिन्याची कमाई जाते. माल उधारीवर आणलेला असेल तर दुसऱ्याची अमानतही जाते. अल्लाहवर तवक्कुल जरूर असावा, पण आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणूनच गोदामाच्या भिंतीवर ब्लेडची तार, म्हणजे रेझर वायर, लावण्याचा रिवाज वाढला आहे.

अडचण अशी की कापडात न फसणारा व्यापारी तारेत हमखास फसतो. मी स्वतः फसलो आहे. दर कमी म्हणून घेतलेली चकचकीत तार दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस झाली आणि भिंतीवर गंजाचे ओघळ आले. तिसऱ्या वर्षी क्लिपा तुटून वेटोळी खाली लोंबू लागली. ती उतरवताना मजुराचा हात फाटला. त्यानंतर या वस्तूची जी माहिती मिळवली, ती वाचक बंधूंच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

काटेरी तार आणि ब्लेडची तार

साध्या काटेरी तारेचे प्रसिद्ध पेटंट अमेरिकेच्या जोसेफ ग्लिडन यांना १८७४ साली मिळाले. ती जनावरे अडवण्यासाठी होती. माणूस ती पक्कडीने कापतो किंवा वर गोणपाट टाकून ओलांडतो. ब्लेडची तार वेगळी असते. तिच्यात मध्ये पोलादी तार असते आणि तिच्याभोवती धारदार पात्यांची पट्टी दाबून बसवलेली असते. आपल्या भाषेत सांगायचे तर आतली तार हा ताना आणि पट्टी हा बाना. ताना कच्चा असेल तर बाना कितीही चांगला असून उपयोग नाही.

आतली तार कशी पारखावी

चांगल्या मालात आतली तार सुमारे २.५ मिलिमीटर जाडीची, स्प्रिंगच्या पोलादाची असते. हातमोजे घालून तुकडा थोडा वाकवावा आणि सोडावा. तो उसळून परत आला तर पोलाद खरे, वाकलेलाच राहिला तर नरम लोखंड समजावे. स्प्रिंगचे पोलाद साध्या पक्कडीला सहज दाद देत नाही, त्याला मोठा बोल्ट कटर लागतो. आत तार नसलेली नुसती पट्टीही बाजारात मिळते. ती पत्रा कापायच्या कात्रीने कापता येते. गोदामासाठी ती घेऊ नये.

पात्याचे प्रकार

दुकानदार बीटीओ-१०, बीटीओ-२२, बीटीओ-३०, सीबीटी-६५ अशी नावे सांगतो. त्यातील आकडा म्हणजे पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये. बीटीओ-२२ मध्ये पाते सुमारे २२ मिलिमीटर लांब असते आणि दोन पात्यांमधील अंतर सुमारे ३४ मिलिमीटर. सीबीटी-६५ मध्ये पाते लांब, पण अंतर सुमारे १०० मिलिमीटर. साध्या गोदामाला बीटीओ-२२ पुरेशी आहे. लांब पात्याचा माल दिसायला भीतिदायक असला तरी वस्तीतील भिंतीवर त्याची गरज नसते.

जस्ताचा मुलामा

नवी तार सगळीच चकाकते. खरा प्रश्न जस्त किती आहे हा. जस्त आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते, म्हणून जितका थर जाड तितके आयुष्य जास्त. पत्र्यावरचे जस्त एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असे मोजतात आणि त्यात दोन्ही बाजू धरतात. १२० ग्रॅमच्या मालावर एका बाजूस जेमतेम ८ मायक्रॉनचा थर बसतो, तर २७५ ग्रॅमच्या मालावर सुमारे १९. दोन्ही माल दुकानात सारखेच चकाकतात, पण भिंतीवर दुसरा दुपटीहून जास्त टिकतो. म्हणून हा आकडा विचारावा आणि बिलावर लिहून घ्यावा.

मालेगावच्या कोरड्या हवेत जस्ताची तार बरीच वर्षे निघते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा जस्त लवकर खाते. रंगाई-धुलाईच्या कारखान्याजवळ तर आम्लाची वाफ आणि कॉस्टिक दोन्ही जस्ताचे दुश्मन आहेत. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टील घ्यावे. ३०४ चा माल चांगला, पण समुद्राजवळ ३१६ अधिक टिकतो. येथे एक चलाखी ओळखावी. पट्टी स्टेनलेसची आणि आतली तार जस्ताची असा मिश्र माल स्टेनलेस म्हणून विकला जातो. दोन धातू एकत्र आल्याने आतल्या तारेचे जस्त उलट लवकर जाते. पट्टी आणि तार दोन्ही कशाच्या, हे वेगवेगळे विचारावे.

कॉईल आणि माप

सुटी स्प्रिंगसारखी कॉईल स्वस्त असते, पण एका जागी कापली की दूरवर सैल पडते. कॉन्सर्टिना कॉईलमध्ये शेजारची वेटोळी क्लिपांनी जोडलेली असतात, म्हणून ती जागा सोडत नाही. अरुंद गल्लीत चपटी कॉईल लावावी. ती भिंतीच्या बाहेर येत नाही.

सर्वात जास्त फसवणूक मापात होते. कापड ताणून मोजणारा दुकानदार आपण लगेच ओळखतो. येथेही तोच प्रकार आहे. ५० वेटोळ्यांची कॉईल २० सेंटिमीटर अंतराने उघडली तर १० मीटर भिंत झाकते. तीच ४० सेंटिमीटर अंतराने ताणली तर २० मीटर होते, पण मधून माणूस जाईल एवढी फट राहते. म्हणून किती मीटर हे विचारू नये. वेटोळी किती, व्यास किती आणि वजन किती, हे विचारावे.

लावताना

जाड चामड्याचे हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय बांधलेली कॉईल सोडू नये, ती उसळते. आधार देणाऱ्या दोन-तीन ताणतारा कॉईलमधून ओढून अँगलला घट्ट बांधाव्यात. तारेत वीज सोडण्याचा विचारही करू नये. त्याने जीव जातो आणि आपण गुन्हेगार ठरतो. स्थानिक पालिकेचा नियम आधी विचारून घ्यावा.

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. आपल्या वस्तीत पतंगामागे धावणारी मुले भिंतीवर चढतात. तार हाताला लागेल एवढ्या खाली किंवा रस्त्याच्या बाजूला झुकलेली असेल तर चोराआधी शेजाऱ्याचे मूल जखमी होईल. वाटेतला काटा दूर करणे हा ज्यांच्या ईमानाचा भाग आहे, त्यांनी वाटेवर काटे लावू नयेत. तार अडीच मीटरच्या वर आणि आतल्या बाजूला झुकलेली असावी. इशाऱ्याचा फलक मराठी आणि उर्दू दोन्हींत लावावा. माल सुरक्षित राहिला आणि शेजारी नाराज झाला नाही, तर इन्शाअल्लाह हा खर्च बरकतीचा ठरेल.