महाग ठिणगीनें इंधन वांचतें काय ?

खारच्या पश्चिम टोंकास, समुद्राच्या कांठीं, खारदांड्याचा कोळीवाडा वसलेला आहे. तेथें दोन जातींच्या इंजिनांचा आवाज ऐकूं येतो. किनाऱ्याकडून मच्छीमार होड्यांच्या डिझेल इंजिनांची धडधड येते, तर अरुंद गल्ल्यांतून रिक्षांची फटफट. होडीच्या इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं ती दाबानेंच तापते, आणि तींत डिझेलचा फवारा पडतांच तो पेट घेतो. रिक्षाच्या इंजिनांतील इंधन व हवा यांचें मिश्रण मात्र ठिणगी पाडून पेटवावें लागतें. हें काम करणाऱ्या बोटभर लांबीच्या वस्तूस स्पार्क प्लग म्हणतात. होडीवाल्याला प्लगच लागत नाहीं, म्हणून महाग प्लग घेण्याचा मोह त्याला होत नाहीं. रिक्षावाल्याची गोष्ट निराळी.

आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका रिक्षावाल्या काकांना एका दुकानदारानें साध्या प्लगच्या चौपट किंमतीचा प्लग दिला व सांगितलें, "हा लावा, म्हणजे इंधनाचा खर्च पुष्कळ खालीं येईल." काकांनीं तो लावला, आणि पंधरा दिवसांनीं आनंदानें सांगितलें कीं गाडीचें अॅव्हरेज खरोखरच वाढलें आहे. ज्याच्या घरची चूल दिवसाच्या मिळकतीवर पेटते, त्याला किलोमागें दोन-तीन किलोमीटर अधिक मिळणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण हें श्रेय त्या महाग प्लगचें होतें काय ? या प्रश्नाचा विचार आपण शास्त्रीय दृष्टीनें करूं.

प्रथम प्लगचें कार्य पाहूं. बॅटरीचा १२ व्होल्टांचा प्रवाह कॉइल नांवाच्या तारेच्या वेटोळ्यांतून जाऊन हजारों व्होल्टांचा होतो. प्लगच्या टोंकाशीं धातूचे दोन अग्र असतात व त्यांच्यामध्यें सुमारें एक मिलिमीटरची किंवा त्याहून थोडी लहान फट असते. विद्युत् ही फट उडी मारून ओलांडते, तीच ठिणगी. १९०२ सालीं जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड या अभियंत्यानें उच्च दाबाच्या मॅग्नेटोची व प्लगची जोडी सिद्ध केली, आणि तेव्हांपासून मोटारींत ही पद्धत रूढ झाली.

आतां थोडें गणित करूं. एका ठिणगींत सुमारें एक-विसांश ज्यूल ऊर्जा असते असें धरूं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांस एक ठिणगी याप्रमाणें सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. म्हणजे सेकंदाला सव्वा ज्यूल ऊर्जा. उपनगरांतील रिक्षा आज बहुतेक सी.एन.जी. वायूवर चालतात. रिक्षा तासाला एक किलो वायू जाळते असें मानलें, तर त्या वायूपासून सेकंदाला तेरा हजारांहून अधिक ज्यूल उष्णता निघते. ठिणगीची ऊर्जा तिच्या दहा हजारांश इतकीच झाली ! काडीनें चूल पेटते, पण भात शिजतो तो सरपणावर. काडी सोन्याची असली म्हणून सरपण कमी लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "ठिणगी जोरदार असेल तर इंधन अधिक पूर्णपणें जळेल." परंतु सुस्थितींतील इंजिनांत इंधनाचा अगदीं अल्प भाग, शंभरांत सुमारें दोन ते पांच, न जळतां राहतो. जेथें वांचवावयास इतकेंच शिल्लक आहे, तेथून शंभरांत पंधरा-वीस भागांची बचत कोठून येणार ? खरा तोटा पुढेंच होतो. निर्माण झालेल्या उष्णतेपैकीं मोठा भाग धुराबरोबर व इंजिनाच्या तापलेल्या अंगावाटे निघून जातो, आणि चाकांच्या कामीं येतो तो थोडाच हिस्सा. हा तोटा कोणताही प्लग भरून काढूं शकत नाहीं.

मग काकांचें अॅव्हरेज वाढलें कसें ? पाणी येथेंच मुरतें. त्यांचा आधीचा प्लग फार जुना होता. ठिणगीच्या माऱ्यानें धातू झिजतो व फट रुंदावते. सी.एन.जी. पेटविण्यास पेट्रोलपेक्षां अधिक व्होल्ट लागतात, त्यामुळें ही झीज अधिक जाणवते. प्लगवर काजळीही बसते. मग मधूनमधून ठिणगी चुकते, आणि त्या खेपेचें सारें इंधन न जळतांच बाहेर जातें. असा प्लग काढून कोणताही नवा, योग्य प्लग बसविला, तरी अॅव्हरेज सुधारतेंच. काकांनीं तुलना केली ती जुन्या साध्या प्लगाची नव्या महाग प्लगाशीं. न्यायाची तुलना नव्या साध्याशीं व्हावयास हवी होती.

मात्र महाग प्लग अगदींच निरुपयोगी असें म्हणणें अन्यायाचें होईल. साध्या प्लगांत निकेलचें मिश्रण असतें व निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतें. प्लॅटिनम १,७६८ व इरिडियम २,४४६ अंशांला. म्हणून या धातूंचें अग्र सुईसारखें बारीक ठेवतां येतें व तें पुष्कळ अधिक काळ टिकतें. बारीक अग्रावरून ठिणगी थोड्या कमी व्होल्टांनीं उडते, त्यामुळें थंड इंजिन सुरू होण्यासही मदत होते. टिकाऊपणा हा त्यांचा खरा गुण होय. इंधनाची बचत नव्हे.

अतिशयोक्तीचा व्यापार केवळ आपल्याच देशांत चालतो असें नाहीं. अमेरिकेंत स्प्लिटफायर नांवाच्या कंपनीनें दुभंगलेल्या अग्राचा प्लग काढून इंधन-बचतीची मोठी जाहिरात केली होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशननें या दाव्यांस पुरेसा पुरावा नाहीं असा आक्षेप घेतला, आणि १९९७ सालीं पुराव्यावांचून असे दावे न करण्याच्या अटीवर तें प्रकरण मिटलें.

हें सर्व काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बोलून काय होणार ? करून पाहूं." त्यांनीं उत्पादकानें सांगितलेल्या क्रमांकाचा नवा साधा प्लग लावला, चाकांतील हवा तपासली, आणि पंधरा दिवस नेहमींप्रमाणेंच गाडी चालवून वहींत वायूचे किलो व किलोमीटर टिपून ठेवले. दोन्हीं हिशेब शेजारीं मांडले, तेव्हां फरक दिसण्यासारखा नव्हता. काका क्षणभर गप्प राहिले, मग हसून म्हणाले, "म्हणजे मला प्लगनें नाहीं, माझ्या आळसानें लुटलें होतें."

विद्यार्थिमित्रहो, काकांचें हें वाक्य मला दुकानदाराच्या सर्व आश्वासनांहून मोलाचें वाटतें. प्लग वेळेवर बदलणें, फट योग्य ठेवणें, हवेची गाळणी स्वच्छ राखणें, चाकांत पुरेशी हवा भरणें व उगाच जोरानें गाडी न पळविणें, यांतच खरी काटकसर आहे. आणि कोणी चमत्काराचा दावा केला, तर त्याच्याशीं वाद न घालतां वही व पेन्सिल घेऊन बसावें. शास्त्राची सुरुवात तेथूनच होते.