इंग्रजीतलं अडवाअडवीचं जुनं सामान

भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली असते: या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या. इंग्रजी मजकुरात अडथळ्यासाठी दोन शब्द आहेत, 'लेट' आणि 'हिंड्रन्स'. 'लेट' म्हणजे होऊ देणं, असं आपण शाळेत घोकलेलं. मग तोच अडवणारा कसा झाला?

झाला नाही, आधीपासून होताच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'लेट्टन' म्हणजे अडवणं, खोळंबवणं. गाडी लेट आहे म्हणतो तो 'लेट' त्याच्याच भावकीतला. सोडणं, होऊ देणं यासाठीचं क्रियापद निराळं, 'लॅटन'. उच्चार झिजत गेले आणि दोघं एकाच रूपात येऊन बसले. हॅम्लेट बापाच्या भुतामागं निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा त्यांना धमकावताना शेक्सपिअर त्याच्या तोंडी हा अडवणारा 'लेट' घालतो. 1611 च्या किंग जेम्स बायबलातही तो आहे. पण 'जा' आणि 'थांब' दोन्ही म्हणणारा शब्द रोजच्या बोलण्यात टिकायचा कसा? तो उरला सरकारी कागदात आणि टेनिसमध्ये. सर्व्हिस जाळीला चाटून योग्य चौकटीत पडली की 'लेट' पुकारतात. पुष्कळांना ते 'नेट' असंच ऐकू येतं, आणि खेळाचं त्यावाचून काही बिघडत नाही.

पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानं 1852 साली अर्थाप्रमाणे गट पाडून इंग्रजी शब्दांचा कोश काढला. त्यात अडथळ्याचा गट 706 वा आणि त्याला लागून 707 वा मदतीचा. अडथळ्याच्या घराण्यातले जुने शब्द उलगडायला घेतले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. अडथळा ही कल्पना नंतरची. आधी होती ती हातात धरता येणारी वस्तू, आणि ती बहुधा गोठ्यातली, तबेल्यातली नाहीतर नदीतली.

'क्लॉग' घ्या. आज बेसिन तुंबलं की हा शब्द निघतो. मुळात तो लाकडाचा ओंडका, पळून जाणाऱ्या जनावराला किंवा कैद्याला बांधायचा. आपल्याकडचं लोढणं ते हेच. गुराच्या गळ्यात ते असं लोंबतं ठेवतात, की चरताना फारसा त्रास नाही, पण धावायला लागलं की पुढच्या पायांवर आदळायला सुरुवात. मार देणारा कुणी नसतो, गुरू स्वतःच्याच वेगाचा मार खातं. 'फेटर' ही पायातली बेडी, 'फूट'च्या नात्यातली. 'इम्पेडिमेंट'मध्येही लॅटिन पाऊलच आहे. त्याचं लॅटिन अनेकवचन रोमन सैन्याच्या सामानसुमानाला लावत, कारण कूच रखडतं ते सामानापायी.

'ट्रॅमल'ची करामत त्याहून बारीक. हे तीन पदरी मासेमारीचं जाळं. बाहेरच्या दोन पदरांचे डोळे मोठे, मधला पदर बारीक डोळ्यांचा आणि सैल सोडलेला. मासा पहिल्या पदरातून सहज आत येतो, मधल्या पदराला धडकतो, त्याला ढकलत पलीकडच्या मोठ्या डोळ्यातून बाहेर काढतो आणि आपणच तयार केलेल्या पिशवीत अडकतो. पुढं घोड्याच्या पायातल्या बंधनालाही हेच नाव मिळालं. आता रोजच्या वापरात राहिला आहे तो मुख्यतः 'अनट्रॅमल्ड', म्हणजे मोकळा.

माझा सगळ्यात आवडता शब्द मात्र 'रेमोरा'. शार्कला, कासवाला, जहाजाच्या बुडाला चिकटून फुकट प्रवास करणारा हा मासा. त्याच्या पाठीवरच्या पराचं रूपांतर डोक्यावरच्या चकतीत झालेलं असतं आणि तिच्या जोरावर तो चिकटतो. लॅटिनमध्ये रेमोरा म्हणजे विलंब. एवढासा मासा अख्खं जहाज जागच्या जागी रोखतो, अशी पक्की समजूत होती. इ. स. पूर्व 31 मध्ये अ‍ॅक्टियमच्या लढाईत हरलेल्या रोमन सेनापती अँटनीचं जहाज यानंच धरून ठेवलं, असं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. कॅलिगुलाचं जहाजही अडलं, आणि चारशे वल्हेकऱ्यांना हा एक मासा भारी पडला म्हणून सम्राट चिडला, हेही तोच सांगतो. सतराव्या शतकातले इंग्रज लेखक कुठल्याही खोळंब्याला बेलाशक रेमोरा म्हणत. हरलेल्या सेनापतीला इतकी सोयीची सबब दुसरी मिळायची नाही.

'कॅलट्रॉप' हे चार टोकांचं लोखंडी अस्त्र, कसंही फेकलं तरी एक टोक वर. घोड्यांच्या वाटेत ते पसरत. त्याचं नाव मुळात काटेरी झाडांचं. आपल्या माळावरच्या सराट्यालाही इंग्रजी हेच नाव देते, आणि अनवाणी चाललेल्याला त्याचं कारण विचारावं लागत नाही. 'एन्कम्ब्रन्स'च्या मुळाशी नदीतला बांध आहे. आज तो जमिनीच्या व्यवहारात भेटतो, सात-बाऱ्यावरचा बोजा म्हणून. 'स्नॅग' म्हणजे झाडाचा तुटका बुंधा. अमेरिकेतल्या नद्यांत असे बुंधे पाण्याखाली दबा धरून असत आणि आगबोटींचं बूड फाडत. हेन्री श्रीव्हनं 1829 मध्ये ते उपटणारी खास बोट चालवली. लुइझियानातलं श्रीव्हपोर्ट हे शहर त्याच्याच नावाचं.

'स्टायमी' वयानं लहान, पण मरण पाहिलेला. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या चेंडूच्या आणि खळग्याच्या बरोबर मध्ये आला, आणि दोन चेंडूंत सहा इंचांपेक्षा जास्त अंतर असलं, तर तो उचलायला सांगता येत नसे. वळसा घाला नाहीतर वरून उडवा. 1930 साली सेंट अँड्रूजला बॉबी जोन्सनं सिरिल टॉलीला जादा खेळाच्या पहिल्याच खळग्यावर हरवलं ते अशाच अडवणुकीनं. त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा त्यानं जिंकल्या. 1952 च्या नियमांनी स्टायमी रद्द केली. वस्तू गेली, शब्द मात्र मैदानाबाहेर अजून चालतो.

इंग्रजांनी निदान आपल्या शब्दांच्या जन्मकथा लिहून ठेवल्या. आपण खोडा घालतो, पाचर मारतो, पायबंद घालतो, अडसर काढतो. पण खोडा प्रत्यक्ष पाहिलेली माणसं किती उरली? ज्यांच्या जुन्या घरात दाराचा अडसर अजून जागेवर आहे, ज्यांनी लोढणं घातलेलं गुरू पाहिलं आहे, त्यांनी त्याची लांबी, लाकूड, बांधायची रीत कागदावर उतरवावी आणि जमल्यास सोबत फोटो काढून ठेवावा.